तिसरी ओळ

सकाळी नऊला ग्लेनिसचं तोंड सुरू व्हायचं, ते दुपारी बस कुठंतरी उभी राहीपर्यंत थांबायचं नाही. तिला बडबडी म्हणाल तर तिच्यावर अन्याय होईल. लग्नाच्या पन्नास वर्षांत ती नवऱ्याशी जेवढं बोलली नसेल तेवढं गेल्या दोन वर्षांत बोलली होती, आणि त्यातल्या एका शब्दाला गप्पा म्हणता आलं नसतं.

"डावीकडे वळण, हलकं. अजून थोडं. आता सरळ. समोरून लाकडाचा ट्रक येतोय, डावीकडे दाब. गेला. पुढे उतार आहे, खाली पूल. एकपदरी. लाल बाण आपला, म्हणजे थांबायचं आपण. हळू. पलीकडे कोणी नाही. जा."

आणि सेल्विन जायचा. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण स्टिअरिंगवरचे हात अजून दगडासारखे स्थिर. गिअर कधी बदलायचा ते त्याला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, ब्रेक किती दाबायचा ते पायाच्या तळव्याला कळायचं. दिसायचं तेवढं नाही. डोळ्यांच्या ऐन मध्यावर एक राखाडी डाग बसला होता आणि ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं त्या डागाखाली जायचं. कडेकडेचं दिसायचं. रस्त्याकडेची झाडं दिसायची, रस्ता दिसायचा नाही. तर हातपाय त्याचे आणि डोळे हिचे, असा तो तीस फुटी बसचा संसार दक्षिण बेटाच्या कडेकडेनं फिरत होता, आणि अख्ख्या बेटावर ही गोष्ट त्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी.

मूठ झाकून ठेवणं ग्लेनिसला जमायचं, त्याचा तिला सराव होता. लग्नाआधी आणि नंतरही वीसेक वर्षं ती साउथलँडमधल्या एका खेड्यात टेलिफोन एक्स्चेंजवर होती. कानाला यंत्र, हातात वायरी. कोणाचं कोणाशी जुळलंय, कोणाच्या मेंढ्या कोणाच्या कुंपणातून पळाल्या, कोणाच्या बापाला किती दिवस उरलेत, सगळं तिच्या कानातून जायचं आणि तिथंच संपायचं. तिचा आवाज शांत होता. दरड कोसळली तरी ती "कृपया थांबा, जोडून देते" याच सुरात म्हणाली असती. सेल्विन तिला पाहण्याआधी त्या आवाजाच्या प्रेमात पडला. रोज सकाळी फोन करून लोकरीच्या व्यापाऱ्याची जोडणी मागायचा. पंधरा दिवसांनी तिनंच विचारलं, "तुला त्या व्यापाऱ्याशी खरंच काही बोलायचं असतं का?" तो म्हणाला, "नाही, आणि तोही आता कंटाळलाय." त्यावर लग्न झालं.

पुढे सेल्विननं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. पहाटे अंधारात निघायचं, मैलामैलावरच्या फाटकांशी उभी असलेली पोरं गोळा करायची, दुपारी परत सोडायची. एकतीस वर्षांत त्याच्या बसमध्ये एका पोराच्या नाकातून रक्त आलं नव्हतं, असं तो सांगायचा. आलं असेल कधी मारामारीत, पण त्याच्या चालवण्यानं नाही, एवढं खरं. शाळेनं नवी बस घेतली तेव्हा जुनी यानं विकत घेतली. दोन वर्षं खपून आत पलंग बसवला, गॅसची शेगडी, लाकडं जाळायची छोटी भट्टी, भांडी घासायला कुठल्यातरी मोडक्या गोठ्यातलं बेसिन. पुढच्या काचेवर पूर्वी गावाचं नाव असायचं तिथं ‘सावकाश’ असं रंगवलं. घर विकलं. तेव्हापासून पंधरा वर्षं ते बेटाला फेऱ्या घालत होते. कायम समुद्र डाव्या हाताला ठेवून, म्हणजे थांबायच्या जागा आपल्याच बाजूला येतात आणि आडवं जावं लागत नाही. पूर्वेच्या किनाऱ्यानं खाली, मग तळातून, मग पश्चिमेच्या पावसातून वर. हिवाळ्यात वर, उबदार नेल्सनच्या बाजूला, उन्हाळ्यात खाली. अकरा फेऱ्या झाल्या होत्या.

बरं, ही लबाडी मुळात कोणाची, ते सांगून टाकतो. ग्लेनिसची.

तिकडचा कायदा असा, की ऐंशी झाली की डॉक्टरचा कागद आणायचा, मग दर दोन वर्षांनी पुन्हा आणायचा, तरच गाडी चालवायची. दोन वर्षांपूर्वी सेल्विन चहा कपाच्या बाहेर ओतायला लागला होता. त्याला भिंतीवरच्या, डोळे तपासायच्या तक्त्याच्या खालच्या ओळी दिसणार नाहीत हे तिनं ओळखलं. कागद नाही म्हणजे बस नाही. बस नाही म्हणजे अ‍ॅशबर्टनला लिनेटच्या घरामागचं अंगण. लिनेट त्यांची मुलगी. दुष्ट नव्हती बिचारी, उलट आईबापासाठी तिनं मागे काँक्रीटचा चौथरा घालून ठेवला होता, पाण्याचा नळ, विजेचं कनेक्शन, सगळं. पण लोकांच्या परसात कायमच्या उभ्या राहिलेल्या बसगाड्या ग्लेनिसनं पाहिल्या होत्या. चाकांतून गवत उगवलेलं, पडद्यांना बुरशी, आत टीव्हीसमोर बसलेला म्हातारा. तेव्हा ती तपासणीच्या आदल्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्यांचं निमित्त करून दवाखान्यात गेली आणि बोळातल्या तक्त्यावरची अक्षरं शब्दकोड्याच्या वहीत उतरवून आली. सेल्विननं ती पाठ केली आणि घडाघडा म्हणून दाखवली. त्या दिवशी दोघं पोट धरून हसले होते.

हसणं दोन वर्षांत आटत गेलं. डाग मोठा होत गेला.

पहिल्यांदा मूठ उघडली ती नायरीनं. नायरी पश्चिम किनाऱ्यावरची माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी बाई. वीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवले आणि आता एकटीच बसमध्ये राहायची. अंगानं भरलेली, आणि हसली की शेजारच्या बसमधली भांडी वाजावीत. फेब्रुवारीत एका नदीकाठच्या तळावर अशा बसमध्ये राहणाऱ्या बऱ्याच जणांची गाठ पडली. संध्याकाळी पाच वाजले की अशा तळावर रीतच असते. आपली खुर्ची आपण आणायची, आपला ग्लास आपण आणायचा, आणि गोल करून बसायचं. कोण कुठून आला ते विचारायचं, घरी परत कधी जाणार हे विचारायचं नाही. नायरीनं काचेसारखे इवले मासे अंड्यात घालून तळून आणले होते. सेल्विन पलीकडे दोघातिघांना इंजिनाची दुखणी समजावत होता. नायरी ग्लेनिसच्या खुर्चीला खुर्ची भिडवून बसली.

"तुझ्या नवऱ्याचं माझ्याशी काही वाकडं आहे का गं?"

"छे गं. का?"

"मंगळवारी घाटात समोरून आले मी. हात केला, हॉर्न दिला. बाबाजींनी ढुंकून पाहिलं नाही. माझी बस जांभळी आहे, ग्लेनिस. चंद्रावरून दिसते."

बसवाल्यांनी समोरून येणाऱ्या बसवाल्याला हात करायचा असतो. न करणं म्हणजे अपमानच. ग्लेनिस म्हणाली, "विचारात असेल."

"असेल. पण माझ्या पुढे कचऱ्याचा ट्रक होता, त्याला मात्र त्यानं हात केला. अगदी मनापासून, बोटं फाकवून."

ग्लेनिसनं माशाचा तुकडा मोडला आणि तो तसाच ताटलीत ठेवला. त्या दिवशी ‘समोरून आपला येतोय, हात कर’ असं तिनंच सांगितलं होतं, फक्त क्षणभर लवकर.

"किती दिसतं त्याला?" नायरीनं आवाज खाली आणला.

एक्स्चेंजवरची बाई होती ती. वीस वर्षांत कोणाचं काही फोडलं नव्हतं तिनं, आणि आता स्वतःचं फोडायची वेळ आली तर शब्द सापडेनात. "कडेकडेचं," ती शेवटी म्हणाली.

"आणि मधलं?"

"मधलं मी सांगते."

नायरी हसली नाही. "मी कोणाकडे चहाडी करणार नाही," ती म्हणाली. "पण एवढं कर. मी समोरून येत असेन तर आधी फोन करत जा. मी आपली गाडी गवतात घालून उभी राहते. माझं एक असू दे, मी म्हातारी होत आले. पण रस्त्यावर काय मी एकटी असते, ग्लेनिस?"

ग्लेनिसला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा. मनात म्हणाली, हिचं काय जातंय, हिचे डोळे शाबूत आहेत. दुसऱ्या दिवशी ते निरोप न घेताच निघाले.

आणि चारच दिवसांनी तो पूल आला.

शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर नसायचं हा सेल्विनचाच नियम. तीनच्या आत बस कडेला लागलीच पाहिजे. त्या दिवशी गॅसचं सिलिंडर भरून घ्यायला रांगेत वेळ गेला आणि निघायला अडीच वाजले. घाईत ग्लेनिस कपबशांच्या कपाटाची कडी लावायची विसरली. चाकावर राहणाऱ्या माणसाला ही चूक परवडत नाही. निघण्याआधी छपराची खिडकी, पायरी, कपाटं, सगळ्यांवरून एकदा हात फिरवायचा असतो. पंधरा वर्षांत ती विसरली नव्हती.

उतारावर ती म्हणाली, "खाली पूल. एकपदरी. लाल बाण आपला. हळू. कोणी नाही. जा."

आणि मागे कपाट उघडलं. कप खळाखळा खाली आले. तिनं मान वळवली. किती वेळ, दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात पलीकडच्या वळणावरून एक गाडी आली आणि पुलावर चढली. हॉर्न वाजला तेव्हा ग्लेनिसनं समोर पाहिलं. पिवळी पाटी, काचेआड लहान लहान डोकी.

"थांब. सेल्विन, थांब."

त्यानं जे काही होतं ते सगळं ब्रेकवर टाकलं. बस करकरत गेली आणि तोंड पुलात घालून उभी राहिली. शाळेची बस अर्ध्या पुलावर थांबली होती. दोन्हींच्या मध्ये एक मोटार जेमतेम मावली असती.

मागे जायचं होतं यांनी, बाण यांचा होता. आरशात तर सेल्विनला काहीच दिसत नव्हतं. ग्लेनिस खाली उतरली, बसच्या मागे गेली आणि "ये, ये, अजून ये, डावीकडे, ये" करत बस रस्त्याकडेला घेतली. शाळेच्या बसमधली पोरं खिडक्यांना नाकं लावून ही गंमत बघत होती. त्यांना ती गंमतच होती. चालवणारी तिशीतली मुलगी होती. जाताना तिनं खिडकी उघडली.

"बाण तुमचा होता, आजोबा," ती म्हणाली. रागावली नव्हती. "होतं असं कधी कधी. जपून जा."

पोरांनी हात हलवले. सेल्विननंही हात वर केला. पोरं त्याच्या उजवीकडून जात होती, आणि हा बघत होता पुलाच्या कठड्याकडे. ग्लेनिसनं ते पाहिलं.

नदीकाठी गवतावर बस लावून दोघं फुटके कप वेचत बसले. म्हणजे ती वेचत होती आणि तो केरसुणी धरून उभा होता. तो म्हणाला, "तू जा म्हणालीस."

"हो."

"मी तुझ्या शब्दावर गेलो."

"हो, माझ्याच शब्दावर." तिला दुसरं काय म्हणता येणार होतं? खरं तेच होतं. ती पोरं नदीत गेली असती तर ती हिच्या जिभेनं गेली असती. "सेल्विन, पुरे आता. चावी ठेवू या आपण."

"कपाटाची कडी लावत जा म्हणजे झालं."

"तू एकतीस वर्षं अशा पोरांना—"

"ते मला नको सांगू." तो कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. पण केरसुणी त्यानं भिंतीला टेकवली ती घसरून पडली आणि त्याला ती सापडेना. त्याचाच त्याला संताप आला. "गुरुवारी डॉक्टर आहे. तू अक्षरं आणून दे. शेवटची दोन वर्षं. लिनेटच्या अंगणात मी मरायला जाईन, जगायला नाही जाणार."

"आणि नाही आणून दिली तर?"

"तर मी स्वतः जाईन आदल्या दिवशी. तक्त्याला नाक टेकवून वाचेन. जवळून दिसतं मला."

म्हणजे ही नाही म्हणाली तरी काही थांबणार नव्हतं. पण कागद नसला तर मात्र तो इंजिन सुरू करणार नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. कागदाच्या बाबतीत तो सोवळा होता. एकतीस वर्षांत एक दिवस संपलेल्या लायसन्सवर चालवलं नव्हतं त्यानं. लबाडीनं का होईना, कागद खिशात लागायचा. माणसाच्या प्रामाणिकपणाच्याही तऱ्हा असतात एकेक.

बुधवारी ती गेली. जवळच्या गावातला दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि एक बोळ. बोळाच्या टोकाला तो तक्ता, आणि अलीकडे जमिनीवर उभं राहायची पट्टी. काउंटरवरच्या नर्सनं विचारलं, "काही हवंय का?" ग्लेनिसनं तोंड उघडलं. सांगून टाकावं, असं तिच्या मनात होतं. माझ्या नवऱ्याला दिसत नाही, त्याला कागद देऊ नका, एवढं एक वाक्य. तिनं वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. "गोळ्या," ती म्हणाली. "रक्तदाबाच्या." बावन्न वर्षं ज्याच्या पाठीला पाठ लावून आपण झोपलो त्याचं नाव असं काउंटरवर टाकायला जीभ वळली नाही.

अक्षरं तिनं वहीत उतरवली, जशीच्या तशी. वर एक मोठं. खाली दोन. मग टी, ओ, के. मग चार, मग पाच, मग सहा.

बाहेर वाचनालयासमोर बाक होता. तिथं बसून तिनं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर पुन्हा लिहायला घेतलं. वरच्या दोन ओळी त्याला दिसत होत्या, त्यांना हात लावून उपयोग नव्हता. तिसरीपासून दिसत नसणार, असा तिचा हिशेब. तिसऱ्या ओळीत तिनं टी लिहिला, ओ लिहिला आणि तिचा हात थांबला. एक्स्चेंजवर तिच्याकडून चुका झाल्या होत्या. एकदा दाईऐवजी खाटकाला फोन जोडला गेला होता. पण जाणूनबुजून चुकीची जोडणी तिनं आयुष्यात केली नव्हती. समोरच्या दुकानातून दोन पोरं आइस्क्रीम चाटत बाहेर आली आणि रस्ता ओलांडायला उभी राहिली. ग्लेनिसनं के च्या जागी एच लिहिला. खालच्या तिन्ही ओळी तिनं मनानंच लिहिल्या. मग खरं पान फाडलं, बारीक तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

शिकवणं त्याहून वाईट होतं. सेल्विन पाढे म्हणावेत तशी अक्षरं म्हणायचा आणि चुकला की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायचा. ती त्याला दुरुस्त करायची. खोट्याचं खोटं पाठ करून घ्यायची. तो खुशीत होता. हिवाळ्याच्या आधीच नेल्सनला जाऊ, सफरचंदाचा हंगाम गाठू, तो म्हातारा बागवाला अजून आहे का बघू, असं सगळं चाललं होतं. "तू गप्प का?" त्यानं विचारलं. "दात दुखतोय," ती म्हणाली. तर त्यानं तिला लवंग शोधून दिली, डब्यांवरून बोटं फिरवत फिरवत. ती लवंग तिला तोंडात धरून बसावं लागलं.

त्याच संध्याकाळी तिनं नायरीला फोन केला. न सांगता निघाल्याबद्दल आधी दोन शब्द ऐकून घेतले. मग म्हणाली, "उद्या सकाळी इकडे येशील का? बस कोणीतरी न्यायला लागेल." नायरीनं काहीही विचारलं नाही. "येते," म्हणाली. "जांभळी गाडी लांब लावीन."

गुरुवारी सेल्विननं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. तिनं नेहमीसारखं सगळं सांगत बस दवाखान्याच्या आवारात आणून लावली. "उजवीकडे. सरळ. कुंपण येतंय, थांब." तिच्या सांगण्यावर तो चालवणार ती ही शेवटची वेळ, हे त्या क्षणी फक्त तिला माहीत होतं. विश्वासघात म्हणतात तो हाच, असं तिला वाटलं, आणि तरीही तिनं तोंडातून शब्द काढला नाही. त्यानं चावी काढून खिशात टाकली. "टी, ओ, एच," तो पुटपुटला. डोळा मिचकावून खाली उतरला आणि कठड्याला हात लावत आत गेला.

ती बसच्या पायरीवर बसली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. रस्त्यापलीकडे नायरी खांबाला टेकून उभी होती, ती काही जवळ आली नाही.

सेल्विन बाहेर आला तो नेहमीपेक्षा हळू. पायरी चाचपली आणि तिच्या शेजारी बसला. दोघांना पुरेल एवढीच ती पायरी होती.

"नाही दिला," तो म्हणाला.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"पोरसवदा आहे, चांगला आहे. म्हणाला, आजोबा, पुन्हा एकदा वाचा. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाला, आज दमलेले दिसता, डोळ्यांतून पाणी येतंय, हवं तर आज नको, पुढच्या आठवड्यात या."

"मग?"

"नको म्हणालो. लिहून टाक म्हणालो आजच."

तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. हात रिकामे असले की ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नसे.

"ग्लेनिस, तिसऱ्या ओळीत शेवटी के आहे."

ती त्याच्याकडे वळली.

"मान तिरकी केली की तेवढं दिसतं अजून मला. तू एच शिकवलास. मी बघतोय तर के. चांगला मुठीएवढा के." त्यानं मूठ वळून दाखवली. "म्हटलं, तू अक्षर उतरवताना चुकणारी बाई नाहीस. मग म्हटलं, म्हणजे खालचंही सगळं असंच असणार. दोन्ही वेळा एचच म्हणालो मी."

ग्लेनिस रडायला लागली. आवाज न करता रडणं तिला कधीच जमलं नव्हतं, आताही जमलं नाही. "मग उठून का नाही आलास?" ती म्हणाली. "डॉक्टर स्वतः म्हणत होता पुढच्या आठवड्यात ये. आला असतास, माझ्यावर ओरडला असतास, नाक टेकवून खरी अक्षरं पाठ केली असतीस. एच का म्हणालास?"

सेल्विननं खिशातून चावी काढली, तिचा हात शोधला आणि चावी त्यात ठेवून तिची बोटं मिटली.

"दोन वर्षं मी कशावर चालवली बस?" तो म्हणाला. "तू वळ म्हणालीस तिथं वळलो. जा म्हणालीस तिथं गेलो. आत त्या पट्टीवर उभा राहिलो आणि कळलं, की तू थांब म्हणतेयस. मग थांबलो."